दातांची जवारी

ते साल २०३८. त्या साली मिरजेच्या सतारीच्या गल्लीत जेमतेम सहा दुकानं उरली होती. ज्यांनी ती गल्ली भरलेली पाहिली, त्यांना आठवत असेल: सकाळी तिथून नुसतं चालत गेलं तरी दोन्ही बाजूंनी तारा छेडल्या जात असायच्या, या दुकानातला षड्ज त्या दुकानातल्या पंचमाला भेटायचा, आणि वर लाखेचा, भोपळ्याचा, ताज्या भुश्शाचा वास. आता त्या जागी फोनची कव्हरं आणि चष्मे आले होते. तंबोरा लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये वाजत होता आणि त्याला कधी जवारी लागत नव्हती.

उरलेल्या सहांत एक दुकान दस्तगीर शिकलगारांचं. अख्खा गाव त्यांना दस्तगीरचाचा म्हणे. चाचा जवारीचा माणूस. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं असा घासायचा की तार त्यावर नुसती बसू नये, निसटती चाटून जावी. तसं जमलं की एका स्वरातून चार स्वर उमलतात. कानस एकदा जास्त फिरली की तार भणभणते, एकदा कमी फिरली की मुकी राहते. या एकदाच्या फरकावर चाचांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा, डॉक्टर तहसीनचा, दातांचा दवाखाना होता. 'खाली बाप घासतो, वर लेक घासते,' असं गल्ली हसून म्हणायची.

साठीनंतर चाचांचे कान गेले. मधल्या कानातली इवलीशी हाडं आखडली होती. आतला कान मात्र शाबूत. ऑपरेशनला ते नाहीच म्हणाले. कानाचं यंत्र आठवडाभर लावलं आणि डबीत ठेवून दिलं. "यंत्रातली जवारी म्हणजे फोटोतली बिर्याणी," म्हणाले. मग त्यांनी स्वतःची वाट काढली. वीतभर लांबीची शिसवी पट्टी. एक टोक तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे पुढच्या फळीवर, टेकवायचं, दुसरं पुढच्या दातांत धरायचं. स्वर लाकडातून दातात, दातातून जबड्यात, तिथून कवटीच्या हाडानं थेट आतल्या कानात. माणसांशी बोलणंही तसंच. तहसीन पट्टीचं टोक आपल्या हनुवटीला लावायची आणि हळू आवाजात बोलायची. बापलेकीच्या गप्पा वर्षानुवर्षं अशा एका लाकडाच्या तुकड्यावरून चालल्या होत्या.

त्या साली उन्हाळ्यात चाचांचे पुढचे दात हलायला लागले.

"काय होतंय नेमकं?" तहसीननं पट्टीतून विचारलं.

"तारेच्या आधी दातच भणभणतात," चाचा म्हणाले. "तंबोऱ्याची जवारी लावू का दातांची?"

"जन्मभर तंबाखू खाल्लीत, त्याचं हे फळ."

"तंबाखू तर तुझ्या आजोबांनीही खाल्ली. त्यांचे दात कबरीत गेले, सगळेच्या सगळे."

"त्यांनी दातांत लाकडं धरली नव्हती, अब्बा."

चाचांनी जिभेनं दात हलवून पाहिला. हे दात पडले तर नुसती जवारीच जाणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. कवळीतून ऐकू येत नाही. खालच्या हिरड्यांवर ती तरंगत असते. दात गेले की तहसीनचा आवाजही गेला.

तिच्या कपाटात त्या वेळी एक नवी गोष्ट आली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तयार केलेलं दातांचं चिकटद्रव्य, नाव 'दृढा'. ते चाचणीसाठी निवडक डॉक्टरांना दिलं होतं, त्यांत तहसीनही होती.

दातात भरलेलं सिमेंट काही वर्षांनी निघून येतं, तेव्हा बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो. दात आणि सिमेंट यांना धरून ठेवणारा जो पातळ थर असतो, तो लाळेत भिजून भिजून कुजतो. बारीक फट पडते, फटीत कीड शिरते. पुण्याच्या लोकांनी त्या थरात खनिजाचे कण मिसळले. दात ज्या कॅल्शियम-फॉस्फेटचा घडतो त्याचेच, पण एका केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. साखरेच्या पाकात दोरा सोडला की त्याला खडीसाखर धरते ना, तसंच हे. कण म्हणजे दोरा आणि लाळ म्हणजे पाक. तोंड आंबट झालं, म्हणजे कीड लागायची वेळ आली, की कणांवरचं कवच विरघळायचं, कण जागे व्हायचे आणि लाळेतलं कॅल्शियम ओढून फट बुजवायचे. लाळेत कॅल्शियम असतं थोडंसंच. तेवढं संपलं की वाढ आपोआप थांबायची.

तहसीननं चाचांचे हलणारे दात एकमेकांना बांधले, मुळांपर्यंत साफ केले आणि सगळीकडे दृढा भरलं. उठताना पट्टी हनुवटीला लावून बजावलं, "तंबाखू आजपासून बंद. एक चिमूटही नाही."

"आणि पान?"

"पान खा एखादं."

घरी जेवताना आईनं, जैतुनबीनं, विचारलं, "काय घातलंस गं त्यांच्या तोंडात?" तहसीननं खडीसाखरेचं सांगितलं, लाळेतल्या कॅल्शियमचं सांगितलं. जैतुनबी लक्ष देऊन ऐकत होती. औषधपाण्याच्या गोष्टी ती नेहमीच लक्ष देऊन ऐके.

पावसाळा संपेपर्यंत दात दगडासारखे घट्ट झाले. चाचांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी तजेला आला.

बेळगावहून कुमुदताई आपला तंबोरा घेऊन आल्या. त्या गायच्या, चाळीस वर्षं त्यांच्या दोन तंबोऱ्यांच्या जोडीची जवारी चाचांनीच लावली होती. चाचांनी पट्टी दातांत धरली, डोळे मिटले, आणि तारेवरून बोट फिरवलं. जिन्यात उभ्या असलेल्या तहसीनला त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिलेले दिसले.

"बाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "स्वर उतरवलात तुम्ही."

कुमुदताई चमकल्या. त्यांनी पट्टीचं टोक हनुवटीला लावलं. "अर्धा सूर फक्त. कुणाला कळलं नाही आजवर."

"खुंटीला कळलंय. तिला जुन्या जागेची ओढ आहे अजून."

"वय झालं हो, दस्तगीरभाई. यंदा दर्ग्याच्या उरुसात गाते आणि मग बस्स. दुसरा तंबोराही पाठवते. जोड एकदा तुमच्या हाताखालून जाऊ दे."

"पाठवा. कान धड होते तेव्हासुद्धा मला असं ऐकू येत नव्हतं."

त्या दिवशी चाचा दुकानात एकटेच हसत होते. तहसीनला वाटलं, आपण शिकलो ते सार्थकी लागलं. असं वाटण्याचे दिवस थोडेच होते.

दिवाळीच्या आधीच चाचांना पट्टीशिवाय ऐकू यायला लागलं. हवेतलं नव्हे, जमिनीतलं. खुर्चीला पाठ टेकली की वरच्या मजल्यावरच्या मशिनची घरघर. खांबाला हात लावला की जंक्शनवर मालगाडीचे डबे एकमेकांना धडकलेले. उशीला गाल टेकला की स्वतःचं काळीज, ढोल बडवल्यासारखं. आणि घास चावणं म्हणजे तर कवटीत जातं फिरत होतं.

"उशीला डोकं लावत नाहीत," जैतुनबी तहसीनच्या दवाखान्यात येऊन सांगायची. "भिंतीला टेकत नाहीत. घोड्यासारखं उभ्या उभ्या डुलकी घेतात. भाकरी देते तर म्हणतात दुधात बुडव. काय झालंय गं त्यांना?"

"जास्त ऐकू येतंय त्यांना. सवय होईल."

"सवय? सकाळी मला म्हणाले, बांगड्या काढ. चहाचा कप ठेवला त्यांच्यापुढं, तर बांगड्यांचा आवाज टेबलातून डोक्यात जातो म्हणे." जैतुनबीनं बांगड्या मुठीत धरल्या. "नवरा जिवंत असताना बांगड्या उतरवू मी?"

चाचा आता दिवसभर गल्लीत चकरा मारायचे. रबरी तळाच्या चपला घालून, हात कशाला लागणार नाही असे अंगाशी धरून. ओळखीचं कुणी खांद्यावर हात ठेवला तर दचकून मागं सरायचे. पट्टी खिशातच राहायला लागली. तहसीननं हनुवटी पुढं केली तर म्हणायचे, "नंतर. आत्ता आधीच फार आहे आत."

शेवटी तिनं त्यांना जवळजवळ ओढत वर नेलं. बसवलं, आणि तोंडात बघायच्या आरशाच्या दांड्यानं पुढच्या दातावर हलकेच टिचकी मारली.

टिंग.

तिचा हात तसाच थांबला. दाताचा आवाज असा नसतो. दात हाडात ठोकलेला नसतो. दोघांच्या मध्ये तंतूंची एक पातळ गादी असते, दात त्या गादीत झुलत असतो. त्यामुळं टिचकीला बद्द आवाज येतो. तिनं पुढचा ठोकला, शेजारचा, मग दाढा. टिंग, टिंग, टिंग. एक्स-रेत मुळांभोवती जी काळी बारीक रेघ दिसायला हवी, ती पुसून गेली होती. गादीचा दगड झाला होता. दात, जबडा, कवटी, सगळं एकच हाड. आणि तो पांढरा थर मागं मागं सरकत जबड्याच्या सांध्याकडं निघाला होता.

"आ करा, अब्बा. मोठा." तिनं स्वतः आ करून दाखवला.

दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडलं.

पुण्याला डॉक्टर सोहोनींना फोन लावला. दृढा त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. त्यांनी एक्स-रे दोनदा पाहिले.

"हे शक्य नाही, तहसीन. एवढं कॅल्शियम लाळेत नसतंच. इतक्या रुग्णांत कुठंही असं नाही. ते खातात काय?"

"जे आम्ही खातो ते."

"काहीतरी वेगळं असणार. शोधा. आणि त्यांना लगेच इकडं पाठवा. सगळे दात काढावे लागतील. सांधा धरला तर तोंड कायमचं मिटेल."

तहसीन खाली उतरली ती थेट दुकानामागच्या स्वयंपाकघरात. जैतुनबी ताक घुसळत होती. शेजारी पितळी डबी उघडी होती, आणि बोटाच्या टोकावर पांढरा ठिपका.

"अम्मा, ते काय?"

"चुना. गव्हाच्या दाण्याएवढा. ताकातून देते त्यांना, सकाळ-दुपार-संध्याकाळ. माझ्या गुडघ्यांना केवढा गुण आला की!"

"कधीपासून?"

"तू ते औषध भरलंस तेव्हापासून. तूच म्हणालीस ना, कॅल्शियम ओढतं म्हणून? म्हटलं पोरीचं औषध आहे, उपाशी कशाला ठेवायचं?"

तहसीननं डबी उचलली. ताकाच्या आंबटानं कण जागे करायचे आणि चुन्यानं त्यांना जेवू घालायचं. प्रयोगशाळेत ठरवूनही कुणाला इतकं बेतशीर सुचलं नसतं. त्यावर दिवसभराची पानं, आणि पानालाही चुना. तिनं चाचांसमोर डबी आपटली.

"चुना खात होता तुम्ही?"

चाचांनी ओठ वाचले. "तंबाखू सोडायला सांगितलीस. सोडली. चुन्याचं नाव तरी घेतलंस का तू?"

नव्हतं घेतलं. पुण्याच्या कुणीही घेतलं नव्हतं. तंबाखू मळणारा माणूस तंबाखू सोडून चुना तेवढा चालू ठेवील, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि जिच्या डोक्यात यायला हवं होतं, ती याच घरात वाढली होती. मागं स्वयंपाकघरात जैतुनबीनं ताक मोरीत ओतून दिलं.

चुना त्या दिवशी बंद झाला. पण धरलेली खडीसाखर काही पाकात परत जात नाही.

"पुण्याला जायचं, अब्बा. दात काढायचे."

"कुमुदबाईंचा दुसरा तंबोरा यायचाय. तो होऊ दे."

"तोवर तोंड मिटेल!"

"मिटू दे. बोलून काय मोठं राज्य केलं आजवर?"

"आणि पाणी कुठून पिणार? नाकातून?"

"तुझ्याकडं नळ्या असतील की." त्यांना हसू येत नव्हतं, तिलाही नाही. "दात काढल्यावर काय उरतं सांग मला. आत सगळा बाजार भरलाय, कबूल. पण त्या बाजारात माझा तंबोराही आहे. तू बाजार उठवलास की तोही उठला. तूही उठलीस."

भूल देऊन गाडीत घालावं, असंही तहसीनच्या एकदा मनात आलं. त्या आठवड्यात तिनं दोन रुग्णांना चुकीची वेळ दिली, एकाची दाढ भरायला घेऊन शेजारचीच उघडली. खाली चाचांच्या रबरी चपला फटफटत राहायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरा तंबोरा आला. चाचांनी पट्टी दातांत धरली आणि कानस उचलली. गल्लीच्या तोंडाशी तेव्हा गटाराचं काम चाललं होतं, दगड फोडायचं यंत्र धडधडत होतं. चाचा घासायचे, थांबायचे, कपाळ दाबायचे, पुन्हा घासायचे. तार आणि यंत्र, काळीज आणि तार, काही वेगळं निघेना. मग त्यांनी कानस फिरवली. एकदा जास्त.

तार खरखरली. फुटक्या पत्र्यासारखी. ते जिन्यातल्या तहसीनलाही ऐकू आलं. पन्नास वर्षांत त्या दुकानातून असा आवाज कुणी ऐकला नव्हता. चाचांनी कानस खाली ठेवली, तिच्यावर फडकं टाकलं, आणि ते आपल्या पायांनी जिना चढून वर आले.

"काढ," खुर्चीत बसत म्हणाले. "पण पुण्याला नाही. तू काढ. आणि सगळे एकदम नाही. जवारीसारखं काढायचं. थोडं काढ, ऐकू दे. थोडं काढ, ऐकू दे. मी बोट वर केलं की थांबायचं."

सोहोनी फोनवर ओरडले. चाचणी बंद करावी लागणार होती, त्यांना नमुने हवे होते, नियम हवे होते. "मी सगळं कळवते तुम्हाला," तहसीन म्हणाली, "एक्स-रे, हाडाचे तुकडे, चूक कुणाची तेसुद्धा. पण माझ्या बापाच्या तोंडात कुठं थांबायचं ते पुण्यात कुणाला ठरवता येणार नाही."

काम अवघड होतं. हाडात मुरलेला दात ओढून निघत नाही, कोरून काढावा लागतो. आठवड्याला दोन-तीन, सांध्याजवळच्या दाढा आधी. खुर्चीशेजारी जैतुनबी मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसायची. दात निघाला, रक्त थांबलं, की तहसीन उरलेल्या दातांत पट्टी द्यायची आणि जैतुनबी तार छेडायची. चाचा ऐकायचे आणि हात हलवायचे: अजून.

मागच्या दाढा गेल्या तेव्हा मालगाड्या गेल्या. मधल्या गेल्या तेव्हा काळजाचा ढोल गेला. चाचा पहिल्यांदा खुर्चीला डोकं टेकून झोपले, आणि तहसीननं त्यांना तासभर उठवलं नाही. जबडाही मोकळा झाला. तीन बोटं जायला लागली.

शेवटच्या बैठकीला दोनच उरले होते, एक पटाशीचा आणि एक सुळा. पटाशीच्या दाताचा थर नाकाखालच्या हाडापर्यंत चढला होता, तो ठेवण्यासारखा नव्हता. तिनं तो कोरून काढला. पट्टी सुळ्याला टेकवली. जैतुनबीनं तार छेडली.

चाचांनी डोळे मिटले. मग उघडून बायकोच्या हाताकडं पाहिलं.

"बांगड्या उतरवल्यास?"

जैतुनबीनं हात वर करून हलवला. हिरव्या बांगड्या मनगटाशी किणकिणत आपटल्या. चाचांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

"पुन्हा छेड."

तिनं छेडली. तहसीननं कोरणी खाली ठेवली नाही. सुळ्याचं मूळही धरलेलं होतं. चाचांचा हात हलला असता तर सुळाही काढावा लागला असता, आणि तिनं काढला असता.

चाचांनी बोट वर केलं.

"सा ऐकू येतो," म्हणाले. "बाकीचं आठवतं."

मग त्यांनी पट्टीचं दुसरं टोक तंबोऱ्यावरून उचललं आणि तिच्याकडं केलं. तहसीननं मास्क खाली ओढला, हनुवटी टेकवली. "अब्बा," ती म्हणाली, "आज मऊ खायचं."

"आज?" चाचा म्हणाले. "आता जन्मभरच की."

दृढाची चाचणी त्याच महिन्यात थांबली. सोहोनींनी तीन वर्षं घालवून कणांचं कवच बदललं, आणि मग ते द्रव्य सगळ्या दवाखान्यांत आलं. त्याच्या पेटीवर मराठीत, कानडीत, हिंदीत ठळक छापलेलं असतं: चुना वर्ज्य. हे दोन शब्द कुठून आले ते सोहोनी भाषणात सांगत. चाचांचं नाव मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तहसीननं तशी अट घातली होती.

कुमुदताई उरुसात एकाच तंबोऱ्यावर गायल्या आणि ठरल्याप्रमाणं थांबल्या. दुसऱ्या तंबोऱ्याला चाचांनी नवी घोडी बसवली. एका सुळ्यावर ऐकत ऐकत त्यांना वर्ष लागलं. तो आता ताईंच्या शिष्येकडं धारवाडला आहे. त्याचा षड्ज स्वच्छ आहे. पंचम थोडा लाजरा आहे, असं ती म्हणते, आणि कुणाला हात लावू देत नाही.

चाचा त्यानंतर सहा वर्षं जगले, भिंतीला पाठ टेकून. गेले तेव्हा सुळा जागेवर होता.

तहसीनचा दवाखाना अजून तिथंच आहे. खालच्या दुकानाला कुलूप आहे, किल्ली तिच्याकडं. नवा रुग्ण आला की नाव विचारायच्या आधी ती विचारते, "चुना खाता का?" आणि टिचकी मारताना डोळे मिटते.

जैतुनबीचे सगळे दात शेवटपर्यंत राहिले. चुन्यामुळंच, असं तिचं ठाम मत. गुडघ्यांसाठी तो तिनं लपून चालूच ठेवला होता. पंच्याऐंशीच्या पुढं तिचेही कान गेले. यंत्र तिनंही डबीत टाकलं. एका सकाळी तहसीननं कपाटातून शिसवी पट्टी काढली, पुसली, आणि आईपुढं धरली. पट्टीच्या टोकाला दातांचे खोल खळगे होते. जैतुनबीनं त्यावरून अंगठा फिरवला, तिच्याकडं एकदा बघितलं, आणि बरोबर त्याच खळग्यांत आपले दात बसवले.

"अम्मा," तहसीन हनुवटी टेकवून म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"ओरडतेस कशाला?" जैतुनबी पट्टी न सोडता म्हणाली. "हळू बोल. मला कळतंय."